झाकलेला विस्तव : इंग्लंडातील घरगुती उबेच्या काटकसरीचा इतिहास

‘कर्फ्यू’ हा शब्द मराठी वाचकाला दंगलीच्या बातम्यांतून परिचित झालेला आहे. संचारबंदी हा त्याचा आजचा अर्थ. शब्दाचे मूळ मात्र रस्त्यावर नसून घरातील चुलीपाशी आहे. जुन्या फ्रेंच भाषेतील ‘विस्तव झाकणे’ अशा अर्थाच्या जोडशब्दापासून तो इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपातील अनेक नगरांत रात्री ठराविक वेळी घंटा वाजे आणि घरोघर विस्तव राखेखाली झाकला जाई. विस्तव झाकला म्हणजे दिवस संपला आणि दिवस संपला म्हणजे बाहेर फिरण्याचे कारण उरले नाही, अशा क्रमाने घरगुती कामाचे नाव राजाज्ञेला मिळाले. पुढे मूळ काम लोपले आणि आज्ञा तेवढी शिल्लक राहिली.

हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याच्या खर्चात लहानसहान सवयींनी बचत करावी, हा उपदेश आज युरोपात प्रत्येक थंडीच्या आरंभी केला जातो. या उपदेशाला दीर्घ इतिहास आहे. तो इंग्लंडच्या संदर्भात थोडक्यात मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू. इंग्लंड निवडण्याचे कारण असे की लाकूड, दगडी कोळसा, गॅस आणि वीज ही सर्व स्थित्यंतरे तेथे कागदपत्रांच्या उजेडात झाली. महाराष्ट्रातील थंडी अल्पकाळाची असून आपल्याकडे विस्तवाचे मुख्य स्थान स्वयंपाकघर हेच राहिले. तथापि विस्तव सांभाळण्याचे ज्ञान आपल्या भाषेतही साठलेले आहे आणि त्याचा तुलनेसाठी उपयोग होतो. काटकसरीची कोणतीही सवय ही स्वयंभू सद्गुण नव्हे. तिचे मोल इंधनाची जात, घराची रचना आणि ती पाळणाऱ्याच्या हाती मुळात किती आहे, या तीन गोष्टींवर ठरते, असे या इतिहासावरून दिसते.

(१) राखेचा उपयोग

मध्ययुगीन इंग्रज घरात विस्तव बहुधा खोलीच्या मध्यभागी, जमिनीवरील आगटीत असे. धूर छपरातील फटीवाटे जाई. रात्री निखारे एकत्र ओढून त्यांवर राख पसरीत, किंवा त्यांवर मातीचे वा धातूचे झाकण ठेवीत. या झाकणालाही ‘कर्फ्यू’ हेच नाव होते. विजेता विल्यम याने इ. स. १०६८ मध्ये ही घंटा इंग्रजांवर लादली अशी परंपरा आहे. पण ती भक्कम पुराव्यावर उभी नाही. लाकडी घरांच्या दाट वस्तीत आगीची भीती सर्वांनाच होती, आणि विस्तव झाकण्यामागे कोणा एका राजाच्या जुलमापेक्षा ती भीती अधिक प्रबळ होती असे मानणे युक्त होय.

झाकण्याचा दुसरा हेतू काटकसरीचा. राख उष्णतेची मंदवाहक असते आणि ती निखाऱ्यापर्यंत पोहोचणारी हवाही रोखते. त्यामुळे निखारा विझत नाही आणि भडकतही नाही. सकाळी राख बाजूला सारून वाळक्या काटक्या ठेवल्या की पुरे. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर याने १८२७ मध्ये विकावयास काढली. तोपर्यंत गारगोटी आणि पोलाद यांनी ठिणगी पाडणे हेच साधन असल्याने विझलेला विस्तव म्हणजे सकाळचा मोठा खोळंबा असे.

या ज्ञानाची साक्ष मराठीत विपुल आहे. संस्कृत कोशांत ‘रक्षा’ या शब्दाचा, संरक्षणाबरोबरच, राख असाही अर्थ नोंदलेला आहे. आपली ‘राख’ तेथूनच आली, आणि ‘राखणे’ हे क्रियापदही ‘रक्ष्’ या धातूचेच. जे विस्तवाला राखते ती राख, असा अर्थ आपली गृहिणी कोश न उघडताही जाणत होती. ‘आगीतून निघून फुफाट्यात’ या म्हणीत वरून थंड दिसणारी राख आत किती तापलेली असते याचा अनुभव आहे. दोन घरांचे वैर सांगताना आपण त्यांच्यात ‘विस्तव जात नाही’ असे म्हणतो. शेजाऱ्याच्या चुलीतून निखारा आणणे हा शेजारधर्माचा किमान व्यवहार होता. तोही थांबला म्हणजे संबंध तुटले. विस्तव राखणे हे अशा रीतीने एका घराचे नव्हे, तर आळीचे काम होते.

(२) धुराडे, कोळसा आणि वाया जाणारी धग

सोळाव्या शतकात इंग्लंडात या व्यवस्थेचा पाया हलला. विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात गावातील वृद्धांचे म्हणणे नोंदविले आहे. त्यांच्या तरुणपणी बहुतेक खेड्यांत दोनतीनच धुराडी असत; आता ती जिकडेतिकडे उभी राहिली होती. त्याच सुमारास जळाऊ लाकूड महागले आणि न्यूकासलहून समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसा लंडनच्या घरांत शिरला. या कोळशाचा धूर मोकळ्या आगटीत सोसवत नाही. त्याला लोखंडी जाळी, भिंतीतील शेगडी आणि उंच धुराडे लागते.

धुराड्याने धूर नेला, पण त्याबरोबर ऊबही नेली. मोकळ्या शेगडीत जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी बराच मोठा भाग धुराड्यातून बाहेर जातो. एवढेच नव्हे, तर वर चढणारी हवा खोलीतील तापलेली हवा आपल्याबरोबर ओढून नेते, आणि तिची जागा भरण्यासाठी दारेखिडक्यांच्या फटींतून थंड वारा आत येतो. शेगडीसमोर बसलेल्या माणसाचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. पाठीला उंच टेका आणि दोन्ही बाजूंना पंख असलेली खुर्ची, पलंगाभोवतीचे जाड पडदे, शेगडीजवळ उभा करावयाचा आडपडदा, निखारे भरून अंथरुणातून फिरवावयाचे झाकणाचे भांडे या सर्व वस्तू या दोषावरचे घरगुती उपाय होत.

येथे मराठीतील एक भेद उपयोगी पडतो. ‘धग’ विस्तवाची असते. ‘ऊब’ गोधडीची आणि कुशीचीही असते. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता ती जाऊ देत नाही. धग वाढवावयाची तर इंधन हवे. ऊब टिकवावयाची तर आडोसा हवा. पडदे लावणे, फटी बुजवणे, सर्वांनी एका खोलीत बसणे, माणूस तापवावा पण खोली तापवू नये, हे सारे ऊब टिकविण्याचे मार्ग आहेत. कोळसा स्वस्त होता तोवर इंग्लंडातील सुस्थित घरांनी धग वाढविण्याचाच मार्ग पत्करला.

राज्यकर्त्यांनीही चुलीकडे लक्ष वळविले. १६६२ मध्ये प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसविण्यात आला. गरिबांना काही अटींवर सूट होती. तरीही चुली मोजण्यासाठी अधिकारी घरात शिरतात याचा लोकांना संताप येई. कर चुकविण्यासाठी चुली बुजविल्याची नोंद आहे. हीही सक्तीची काटकसरच म्हणावयाची. १६८९ मध्ये हा कर रद्द झाला.

शेगडीचा दोष शास्त्रीय रीतीने दूर करण्याचा प्रयत्न बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड याने केला. त्याचा या विषयावरील निबंध १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेगडीची खोली कमी करावी, तिच्या बाजू तिरप्या कराव्यात म्हणजे धग खोलीत परतेल, आणि धुराड्याचा घसा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद करावा, असा त्याचा उपाय होता. काही विटा आणि गवंड्याचे थोडे काम एवढ्यावर तो साधे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीची नायिका भव्य पुरातन शेगडीची अपेक्षा करते आणि तिला तेथे आटोपशीर रम्फर्ड शेगडी दिसते. यावरून त्या सुधारणेचा प्रसार ध्यानात येतो. परंतु जुनी घरे आणि जुनी शेगडी यांचा त्याग सर्वत्र झाला नाही. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात असा विचार मांडला की, कोळशाचा उपयोग अधिक कार्यक्षम झाला म्हणजे एकूण खप घटण्याऐवजी वाढतो. त्याचा रोख मुख्यतः यंत्रांकडे आणि लोखंडाच्या भट्ट्यांकडे होता. तथापि स्वस्त ऊब मिळताच माणूस आणखी एक खोली तापवितो, हा घरगुती अनुभवही त्याच जातीचा आहे.

(३) ज्यांच्याजवळ वाचविण्याजोगे नव्हते

काटकसरीचा इतिहास केवळ सुस्थितांच्या शेगडीवरून लिहिला तर तो अपुरा राहील. हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास लंडनमधील श्रमिकांचे जे वर्णन केले, त्यात राखेच्या उकिरड्यांवर काम करणाऱ्या स्त्रिया आढळतात. श्रीमंतांच्या शेगड्यांतील राख तेथे येई. ती चाळून बारीक भाग विटांच्या मातीत मिसळावयास आणि अर्धवट जळालेले खडे विटा भाजावयास विकले जात. एका घरातील उधळपट्टी हे दुसऱ्याच्या रोजगाराचे साधन होते. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) मध्ये स्क्रूज कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत ठेवतो आणि त्याचा कारकून एकाच खड्यासारख्या दिसणाऱ्या विस्तवासमोर लिहीत बसतो. येथे काटकसर करणारा आणि थंडी सोसणारा या दोन भिन्न व्यक्ती आहेत.

१८९० च्या दशकात नाणे टाकून गॅस मिळविण्याचे मीटर कामगारवस्तीत पसरले. त्यामुळे ज्यांना तीन महिन्यांचे बिल एकदम भरणे अशक्य होते, त्यांच्या घरी गॅस पोहोचला, हा त्याचा लाभ. परंतु अशा गॅसला बहुधा दर अधिक पडे. आणि नाणे संपले की गॅसही संपे. बिल थकल्यावर कोणी पुरवठा तोडला तर त्याची कोठे तरी नोंद होते. नाण्याअभावी विझलेल्या शेगडीची नोंद कोणीच करीत नाही. वरून पाहणाऱ्याला ती काटकसरच भासते.

(४) युद्धकाळ आणि १९४७ चा हिवाळा

दुसऱ्या महायुद्धात घरगुती सवय हा राष्ट्रीय नियोजनाचा विषय झाला. खाणींतील मनुष्यबळ घटले होते आणि कारखान्यांची मागणी वाढली होती. १९४२ च्या वसंतात विल्यम बेव्हरिज यांनी आखलेली घरगुती इंधनाच्या वाटपाची योजना ह्यू डाल्टन यांनी पुढे मांडली. हुजूरपक्षीय सभासदांच्या विरोधामुळे ती बारगळली. जूनमध्ये इंधन व शक्ती खात्याची स्थापना झाली आणि कायद्याऐवजी आवाहनाचा मार्ग पत्करण्यात आला. प्रत्येक कुटुंबाने खोल्या आणि माणसे यांच्या प्रमाणात ठरविलेले ‘लक्ष्य’ स्वतःच पाळावे अशी अपेक्षा होती.

त्या काळातील उपदेश पाहिला तर तो आजीबाईच्या शहाणपणाहून निराळा वाटत नाही. राख चाळून अर्धवट जळालेले खडे पुन्हा वापरा; शेगडीच्या मागे वीट ठेवून कोळसा कमी घाला; एकाच खोलीत विस्तव ठेवा; दाराखाली चिंध्यांची गुंडाळी ठेवा; आंघोळीला पाच इंचांहून अधिक पाणी घेऊ नका. एलिनॉर रूझवेल्ट ऑक्टोबर १९४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या, तेव्हा तेथील टबातही पाण्याच्या मर्यादेची रेघ ओढलेली त्यांना दिसली. राजाच्या टबातील ही रेघ पाच इंच पाण्याइतकीच महत्त्वाची होती. काटकसर सर्वांवर सारखी आहे असे दिसल्याखेरीज ती टिकत नाही.

तथापि सवयींचे सामर्थ्य मर्यादितच होते. डिसेंबर १९४३ पासून सैन्यभरतीला पात्र तरुणांपैकी दहांतील एकाला चिठ्ठ्या टाकून खाणीत धाडावे लागले. युद्धानंतर १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस असाधारण थंडी पडली. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत देशात कोठे ना कोठे रोज बर्फ पडत होते. कोळशाचे साठे आधीच अपुरे होते; त्यात बर्फाने रेल्वे अडविल्या. ७ फेब्रुवारीला मंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी मोठ्या औद्योगिक प्रदेशांतील कारखान्यांचा वीजपुरवठा थांबविण्याची घोषणा केली. तेथील घरांतही सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत वीज वापरण्यास मनाई झाली. वीस लाखांहून अधिक कामगार काही काळ बेकार झाले. ज्या समाजाने पाच वर्षे राख चाळण्याचा सराव केला होता, त्याच्यावर हे संकट आले; म्हणजे उणीव गृहिणींच्या शिस्तीत नव्हती, साठे आणि वाहतूक यांच्या नियोजनात होती. हा भेद पुढेही वारंवार विसरला गेला.

(५) सवय बदलली नाही, इंधन बदलले

विस्तव झाकण्याची जुनी रीत दगडी कोळशाच्या युगातही चालू होती. रात्री जळत्या कोळशावर ओलसर चुरा पसरीत. विस्तव धुमसत राही आणि सकाळी पुन्हा चेतविता येई. लाकडाच्या निखाऱ्यावर राख टाकणे आणि दगडी कोळशावर चुरा टाकणे या क्रिया हाताला सारख्याच वाटल्या, तरी परिणामी भिन्न आहेत. निखाऱ्यातील धूर देणारी द्रव्ये आधीच निघून गेलेली असतात. ओल्या चुऱ्यातील ती द्रव्ये मंद आचेवर अर्धवट जळून धुराड्यावाटे शहरावर पसरतात.

कोळशाचे वाटप १९५८ पर्यंत चालू होते. १९५२ च्या डिसेंबरच्या आरंभी हलक्या प्रतीचा बारीक कोळसा वाटपातून मुक्त करण्यात आला आणि काटकसरी कुटुंबांना तो सोयीचा वाटला. ५ ते ९ डिसेंबर या काळात लंडनवर दाट धुके बसले, वारा पडला आणि लक्षावधी धुराड्यांचा धूर जमिनीलगत कोंडला. त्या आपत्तीत सुमारे ४००० माणसे दगावली असा तत्कालीन अंदाज होता; पुढील संशोधनाने तो १२००० पर्यंत नेला. त्यानंतर नेमलेल्या बीव्हर समितीने दाखवून दिले की, घरगुती शेगड्यांत देशातील कोळशाचा एकपंचमांशाहूनही कमी भाग जळत असला, तरी धुरात त्यांचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता. चुऱ्याने विस्तव झाकणारे प्रत्येक घर आपल्यापुरते योग्यच वागत होते. एकत्रित परिणाम मात्र प्राणघातक ठरला.

या प्रसंगी शासनाने केवळ उपदेश केला नाही, ही बाब उल्लेखनीय आहे. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूरनियंत्रित क्षेत्रे ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला आणि अशा क्षेत्रांत शेगडी बदलण्याच्या मान्य खर्चापैकी सात-दशांश परत करण्याची तरतूद केली. सवय बदलावयाची तर साधन बदलण्याचा खर्च कोणी तरी उचलला पाहिजे, हे येथे मान्य झाले. शेगडीभोवतीची माया मात्र सहज सुटणारी नव्हती. जॉर्ज ऑर्वेलने डिसेंबर १९४५ मध्ये एका सायंदैनिकात मोकळ्या विस्तवाची बाजू मांडली होती. तो इंधन वाया घालवितो हे त्यालाही मान्य होते. पण कुटुंबाला एका खोलीत एकत्र आणण्याचा त्याचा गुण त्याला मोलाचा वाटे.

(६) १९७३ नंतर

तेलाच्या दरवाढीनंतर आणि खाणकामगारांच्या लढ्यामुळे १९७४ च्या आरंभी ब्रिटनमध्ये कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालले. ऊर्जाखात्याचे मंत्री पॅट्रिक जेन्किन यांनी लोकांना अंधारात दात घासावयास सुचविले, आणि लवकरच त्यांच्या स्वतःच्या दिवे लागलेल्या घराचे छायाचित्र छापून आले. राजवाड्यातील रेघेने जे साधले होते, ते या छायाचित्राने गमावले.

आज ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत बॉयलर आणि रेडिएटर आहेत. विस्तव दिसत नसल्याने तो झाकावा हे सुचतही नाही. परंतु जुनी सूत्रे नव्या रूपाने लागू पडतात. २०२२ च्या डिसेंबरात शासनाने बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ७५ अंशांवरून ६० अंशांवर आणण्याचा सल्ला दिला. यामागे शास्त्र आहे. नव्या बॉयलरमध्ये परत येणारे पाणी पुरेसे थंड असेल तर धुरातील वाफेचे पाणी होते आणि त्या वेळी सुटणारी उष्णता घराला मिळते. धुराड्याचा घसा अरुंद करणाऱ्या रम्फर्डची ही परंपरा होय.

खोलीचे तापमान उतरविण्याचा हिशेबही सोपा आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतील व बाहेरील तापमानांच्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश असता फरक १५ चा. आत एक अंश कमी केला तर ढोबळमानाने पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारे सात टक्के उष्णता वाचते. पण ज्याच्या घरात १४ अंशच आहेत त्याने आणखी एक अंश कमी केला तर नववा हिस्सा वाचतो. टक्केवारीच्या हिशेबाने हा दुसरा अधिक काटकसरी ठरेल! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांसाठी घरातील किमान १८ अंश तापमान सुचविले आहे. त्याच्या खाली होणारी बचत म्हणजे भिंतीवरील ओल, बुरशी आणि वृद्धांचे आजारपण यांच्या रूपाने फेडावयाचे कर्ज होय. शिवाय बिलातील स्थिर आकार कोणत्याही सवयीने कमी होत नाही.

नियामकाने ठरविलेली नमुनेदार कुटुंबाच्या वार्षिक बिलाची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १२७७ पौंड होती, ती एप्रिल २०२२ मध्ये १९७१ पौंड झाली. ऑक्टोबर २०२२ साठी ३५४९ पौंडांची मर्यादा जाहीर झाली, तेव्हा शासनाला मध्ये पडून ती २५०० पौंडांच्या आसपास रोखावी लागली. याच वर्षाच्या आरंभी एका पुरवठादार कंपनीने ग्राहकांना पाळीव प्राण्यांना कुशीत घेऊन बसण्याचा सल्ला दिला आणि तिला क्षमा मागावी लागली. सल्ला अशास्त्रीय नव्हता. कुशीची ऊब खरीच असते. लोकांना राग आला तो सल्ला देणाऱ्याच्या स्थानामुळे. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये उत्पन्नाच्या दहांश भागाहून अधिक खर्च इंधनावर करावा लागणाऱ्या घरांना ‘इंधन-दारिद्र्या’ची कसोटी लावली. तिचा गाभा असा की, प्रत्यक्ष खर्च न मोजता पुरेशा उबेसाठी लागणारा खर्च मोजावा. विझलेल्या शेगडीला काटकसर समजण्याची चूक या व्याख्येने टळते.

समारोप

या इतिहासातून लहान सवयींची थोरवी आणि मर्यादा दोन्ही दिसतात. फटी बुजविणे, पडदे ओढणे, रिकाम्या खोलीतील रेडिएटर मंद करणे, पाण्याचे तापमान उतरविणे या सवयी ऊब टिकवितात आणि कोणाचेही अहित करीत नाहीत. त्यांचा उपदेश निःशंकपणे करावा. ज्या सवयी ऊबच कमी करतात, त्यांचा उपदेश करण्यापूर्वी ऐकणाऱ्याच्या घरात ती किती आहे हे पाहिले पाहिजे. घराची भिंत, धुराड्याचा घसा आणि खाणीतील साठा यांची उणीव गृहिणीच्या दक्षतेने भरून निघत नाही, हे १९४७ ने आणि १९५२ ने दाखविले. राखेचा धर्म विस्तव राखण्याचा आहे. राखेखाली निखारा आहे याची खात्री असेल तरच झाकण्याला अर्थ आहे; निखाराच नसेल तर ती नुसती राख होय.